सुयाक, मॉरिशस: मराठवाड्यातून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडं लगेच हनिमूनचं पॅकेज आठवतं: उत्तरेकडचं हॉटेल, स्पीडबोट, सात रंगांची माती, पाच-पन्नास फोटो आणि परत. हे पान त्या पॅकेजसाठी नाही. बेटाच्या दक्षिण टोकाला सुयाक नावाचं एक निवांत गाव आहे. ज्याच्या शेतात ऊस आहे, किंवा ज्याच्या गावातून दसरा झाला की कोयते बाहेर पडतात, त्यानं मॉरिशसला जाऊन हे गाव चुकवू नये असं माझं ठाम मत आहे. लातूर, बीड, धाराशिव, परभणीकडची माणसं निघण्याआधी जे जे विचारतात, ते इथं एकत्र केलंय.

सुयाक आहे कुठं, आणि तिथं बघायला आहे तरी काय?

मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेयेला, माहेबूर गावाजवळ आहे. तिथून किनाऱ्याच्या बाजूनं पश्चिमेकडं निघालं की तासाभराच्या आत सुयाक येतं. १७७९ ते १७८७ या काळात इथं व्हिकोंत द सुयाक नावाचा फ्रेंच गव्हर्नर होता, त्याचं नाव गावाला मिळालं. धड रस्ते नव्हते तेव्हा दक्षिणेकडच्या मळ्यांतली साखर या छोट्या बंदरात यायची आणि होड्यांत भरून राजधानी पोर्ट लुईला जायची. त्या काळची दगडी वखार धक्क्यावर अजून उभी आहे. तिला 'बातलाज' म्हणतात.

बाकी बसस्टँड, बाजाराचा रस्ता, चर्च, देवळं, टेलफेअर बाग, समुद्राला लागून कब्रस्तान आणि ग्री-ग्रीचे कडे. गाव म्हणून एवढंच. यादी घेऊन फिरलात तर दोन-अडीच तासांत उरकेल आणि 'यासाठी एवढा खर्च केला का' असं वाटेल. मुक्काम करा, पायी फिरा, भोवतालच्या उसात जा, मग गाव उलगडतं.

समुद्रात उतरता येतं का?

ग्री-ग्रीला नाही. अजिबात नाही. मॉरिशसभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचं कडं आहे. लाटा बाहेरच फुटतात आणि आत पाणी शांत राहतं. ग्री-ग्रीपाशी ते कडं तुटलंय. इथून दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत मोठी जमीन नाही, त्यामुळं लाट सगळा जोर घेऊन थेट काळ्या कड्यावर आदळते. खाली छोटी वाळू दिसते आणि पोरांचे पाय शिवशिवतात. धोक्याच्या पाट्या लावल्यात, त्या शोभेला नाहीत. आपल्यातल्या बऱ्याच जणांना विहिरीत पोहता येतं आणि त्याचा माज असतो. विहिरीचं पाणी माणसाला ओढून नेत नाही, हे लक्षात ठेवा.

पाण्यात बसायचंच असेल तर पश्चिमेला बेल ओंब्रकडं जा, नाहीतर माहेबूरजवळच्या ब्लू बेला. सुयाकला लागूनच असलेल्या रिअँबेल गावची वाळू लांबलचक आणि सुरेख आहे, पण तिथंही प्रवाह असतात. कुठंही उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा.

ग्री-ग्रीपासून पायवाटेनं पुढं गेलं की 'रडणारा खडक' लागतो. लाट वर चढते आणि खडकाच्या तोंडावरून पाणी ओघळत राहतं. रॉबर्ट एडवर्ड हार्ट या मॉरिशियन कवीचा चेहरा त्या खडकात दिसतो, असं तिथले लोक सांगतात. मला नाही दिसला. हार्ट १९५४ साली गेले. प्रवाळाच्या दगडानं बांधलेलं त्यांचं घर जवळच आहे, तिथं संग्रहालय केलंय.

तिथला दगड आपल्यासारखाच दिसतो म्हणे?

दिसतोच, कारण आहेच तसा. ग्री-ग्रीचा कडा बेसाल्टचा आहे आणि वेरूळचं कैलास ज्या दगडात कोरलंय तोही बेसाल्टच. नातं याहून जवळचं आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून आपलं दख्खनचं पठार सरकत असताना लाव्हा वर आला, तीच जागा आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि मधल्या काळात तिनंच मॉरिशस उभं केलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. मॉरिशसचं वय जेमतेम ऐंशी-नव्वद लाख वर्षं. म्हणजे आपला डोंगर त्याचा थोरला भाऊ.

हा दगड तिथल्या शेतात फार आहे. उसाच्या मधोमध काळ्या धोंड्यांचे पिरॅमिडसारखे ढीग दिसतात, काही घराच्या उंचीचे. पाहुण्यांना ते कसलं तरी प्राचीन बांधकाम वाटतं. नांगर चालावा म्हणून मजुरांनी हातानं वेचून रचलेले धोंडे आहेत ते. ज्यानं कधी मुरमाड रानातले दगड वेचून बांधावर टाकलेत, त्याला एका ढिगापुढं उभं राहिल्यावर कळतं की याला किती पाठी लागल्या असतील.

इथले मळे कुणाचे होते, आणि राबलं कोण?

ऊस बेटावर आणला डचांनी, १६३९ साली जावाहून. ते १७१० ला निघून गेले, मग फ्रेंच आले, १८१० ला इंग्रजांनी बेट घेतलं. फ्रेंचांच्या काळात मादागास्कर आणि मोझांबिककडून माणसं धरून, गुलाम करून आणली. १८२५ ला इंग्लंडनं मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीला आणली आणि मग जिकडंतिकडं ऊसच ऊस झाला. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी कायद्यानं संपली. भरपाई मिळाली, पण मळेवाल्यांना: वीस लाख पौंडांहून जास्त. ज्यांच्या पाठी सोलल्या त्यांना दमडी नाही.

ऊस मात्र तोडायचा होताच. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बेटावर उतरली. सगळ्यांत जास्त बिहारकडची, मग मद्रासकडची, आणि थोडी मुंबई बंदरातून गेलेली. करार पाच वर्षांचा, गड्याला महिना पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा नियम होता. त्याला 'डबल कट' म्हणत.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. केज, धारूर, वडवणीकडच्या माणसाला नाही. मुकादमाची उचल, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, लेकरू आजारी पडलं म्हणून फडात गेलं नाही तर खाडा, हे सगळं आपल्याकडं आजही कानावर पडतं. तिथं मुकादमाला 'सरदार' म्हणत. त्याच गावातून माणसं गोळा करायची, त्याच ओळखीचा धाक. आपला तोडकरी निदान चैत्र-वैशाखात घरी परततो. यांच्या वाटेत समुद्र होता, बहुतेक परतलेच नाहीत.

मजुरांच्या हालांबद्दल १८७१ साली अदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्यानंच हजारो मजुरांच्या वतीनं अर्ज केला. त्यानंतर १८७२ ला इंग्लंडहून चौकशी आयोग आला आणि नियम थोडे सैलावले. मळेवाल्यांनी प्लेवित्झला काय वागवलं असेल, ते साखर कारखान्याच्या राजकारणात वाढलेल्यांना सांगायला नको.

आता ते मळे आहेत का? की नुसते अवशेष?

ऊस आहे, भरपूर आहे. कारखाने मात्र आटले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बेटावर अडीचशेहून जास्त साखर कारखाने होते, आता हातावर मोजण्याइतके उरलेत. बेल ओंब्रचा कारखाना १९९९ ला बंद पडला आणि त्या जमिनीवर आता मोठी हॉटेलं आहेत. ज्यांचे आजे-पणजे तिथं मोळ्या वाहत होते, त्यांची नातवंडं तिथंच पाहुण्यांच्या बॅगा उचलतात. प्रगती म्हणावं तर आहे, पण मला ती पूर्ण पचत नाही.

जुन्या कारखान्यांची दगडी धुराडी उसात एकेकटी उभी दिसतात. कारखाना गेला, गव्हाण गेली, मळीचा वास गेला, धुराडं तेवढं राहिलं.

गळीत हंगाम बघायला मिळेल का?

मिळेल, पण आपल्या हिशोबानं जाऊ नका. तिकडचे ऋतू उलटे. आपल्याकडं गळीत सुरू होतं दिवाळीच्या आसपास, तिकडं तोड सुरू होते जूनमध्ये आणि वर्ष संपेपर्यंत चालते. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर हंगाम चालू असतो. बरीच तोड यंत्रानं होते. उताराला आणि धोंड्याच्या रानात अजून हातानं. खोडवा बरीच वर्षं ठेवतात, हे आपल्या शेतकऱ्याला बघण्यासारखं आहे.

एक विनंती. उसातले रस्ते बहुतेक खासगी मळ्यांचे आहेत. पायी जाताना सहसा कुणी अडवत नाही, पण रस्त्याकडंचा ऊस मोडून खायची आपली सवय घरी ठेवून जा. आणि हंगामात मागून ट्रक येतोय का ते बघा.

जायला चांगले दिवस कोणते?

सप्टेंबर ते नोव्हेंबरचा मध्य, नाहीतर एप्रिल-मे. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण किनाऱ्यावर आग्नेयेचा वारा सुटतो, संध्याकाळी स्वेटर लागतो. 'बेट आहे, गरमच असणार' म्हणून नुसते सुती कपडे नेऊ नका.

आमच्याकडून जायचं कसं?

मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा-साडेसहा तास. मुंबईपर्यंत नेहमीचीच गाडी: नांदेड, परभणी, जालन्याकडून देवगिरी किंवा नंदीग्राम, लातूरहून लातूर-मुंबई. रेल्वेचा भरवसा धरून त्याच दिवशीचं विमान पकडायला जाऊ नका, एक रात्र मुंबईत काढा. घड्याळ तिकडं आपल्यापेक्षा दीड तास मागं.

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चाला पुरेसे पैसे आहेत हे मात्र दाखवावं लागतं, आणि प्रवासाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. नियम बदलत असतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात तिथल्या सरकारी संकेतस्थळावर नजर टाका. एजंटाच्या 'व्हिसा चार्जेस'ला भुलू नका.

पैसे?

तिकडचाही रुपयाच, पण मॉरिशियन, आणि तो आपल्या रुपयापेक्षा वजनदार आहे. भावाची पाटी बघितली की मनातल्या मनात जवळपास दुप्पट करा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथं यूपीआय सुरू झालंय, तरी गावातल्या टपरीवर रोखच चालते.

जेवणाचं काय? आमच्या घरात माळकरी आहेत.

निभेल, आणि चांगलं निभेल. तिथलं रस्त्यावरचं पहिलं खाणं म्हणजे डोल पुरी. हरभऱ्याची डाळ शिजवून, बारीक करून, हळद-जिऱ्यासोबत पुरीत भरतात आणि तव्यावर भाजतात. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून घेतला तर जे राहील ते, फक्त कागदासारखं पातळ. एक कधी देत नाहीत, जोडीच मिळते. विकणारा डब्याचं झाकण उघडतो, वाफ निघते. दोन पुऱ्या एकावर एक टाकतो, त्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचं रुगाय, कोथिंबिरीची चटणी, गुंडाळी करून कागदात. मिरची वेगळी मागावी लागते. ती मागा, त्याशिवाय आपल्या तोंडाला चव येणार नाही. तिथले डाळीचे छोटे वडे पावात घालून सकाळी खातात, तेही शाकाहारीच. फालुद्याचा भाऊ 'आलुदा' बाजारात मिळतो.

हॉटेलात मात्र प्रत्येक वेळी विचारा. भाजीच्या नावाखाली कोळंबी निघू शकते, आणि मेन्यूवर गोमांस, डुक्कर, हरीण सगळं असतं. माळकऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. सुयाक आणि रिअँबेलमध्ये घरगुती राहण्याच्या जागा तशाच मिळतात. तांदूळ, डाळ, भाजी गावातल्या दुकानात आहे. ज्वारीचं पीठ नाही, ते घरूनच न्या, आणि विमानतळावर जाहीर करा.

गाव लवकर मिटतं. सहा-सातनंतर जेवण शोधत फिराल तर उपाशी झोपाल. रविवारी दुपारनंतर दुकानंही बंद.

मराठी बोलणारं कुणी भेटेल का?

भेटेल, पण 'कसं काय, बरं आहे का' असं रस्त्यात ऐकू येईल या आशेवर जाऊ नका. बेटावर सगळे क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून तयार झालेली तिथली बोली, बोलतात. इंग्रजी कळते, फ्रेंच जास्त कळते, आणि खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना भोजपुरी. तिथला मराठी समाज मुख्यतः कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून गेलेला, संख्येनं थोडा पण टिकून आहे. शाळांत मराठी शिकवतात. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, आणि गणपतीत जाखडी नाचतात. भाद्रपदात जाणं जमलं तर जरूर जमवा.

मात्र 'तुम्ही मूळचे आमचेच' असं म्हणत गळ्यात पडू नका. सहा-सात पिढ्या झाल्या त्यांना. ते मॉरिशियन आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. आडनाव ऐकून जात काढायचा खेळ तर तिथं अजिबात करू नका. 'बोंझूर' (नमस्कार) म्हणा, 'मेर्सी' (आभारी आहे) म्हणा, पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

उसाच्या कडेला शेंदूर लावलेले दगड दिसतात, ते काय?

त्या कालीमाई. झाडाखाली ओटा आणि त्यावर ओळीनं सात दगड, सात बहिणींचे. कुंकू, फूल, कधी केळं ठेवलेलं. आपल्याकडं विहिरीवर नाहीतर ओढ्याकाठी साती आसरा असतात, त्यांच्यापुढं वाढलेल्या माणसाला इथं वाटाड्या लागत नाही. मजुरांनी मळ्यात पहिल्यांदा उभं केलेलं देवस्थान हेच. मोठी देवळं नंतर आली. चपला काढा, नमस्कार करा. फोटो काढायचा तर कुणी पूजा करत असेल तेव्हा नको.

अर्धापूरच्या केळीचा या गावाशी संबंध आहे, असं कुणीतरी म्हणालं. खरं का?

आडवळणानं, पण खरं. सुयाकच्या बागेला ज्याचं नाव आहे तो चार्ल्स टेलफेअर हा आयरिश माणूस. बेल ओंब्रचा मळा त्याचा. वनस्पतींचा नाद होता. १८३० च्या आसपास त्यानं केळीची रोपं इंग्लंडला पाठवली. ती फिरत फिरत डेव्हनशायरच्या ड्यूकच्या काचघरात पोचली आणि त्या ड्यूकच्या 'कॅव्हेंडिश' या आडनावावरून त्या केळीला नाव पडलं. आपली बसराई आणि आजची ग्रँड नैन दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातल्या. अर्धापूरला केळी मॉरिशसहून आली असं मात्र कुणाला सांगू नका, तसं नाही. ही रोपं पाठवणाऱ्या टेलफेअरच्या मळ्यावर गुलाम होते, हेही त्या बागेत बसताना ठाऊक असावं.

आईवडिलांना नेता येईल का? गुडघे दुखतात.

गाव सपाट आहे, ग्री-ग्रीच्या कड्यापर्यंत गाडी जाते, वर बाकडी आहेत. रडणाऱ्या खडकाकडची वाट आणि रोचेस्टर धबधबा यांना मात्र चांगले पाय लागतात. तो धबधबा उसाच्या मधून जाणाऱ्या खडबडीत वाटेवर आहे, उभ्या बेसाल्टच्या खांबांवरून पडतो. तिथली पोरं वरून उड्या मारून दाखवतात आणि पैसे मागतात. तुम्ही उडी मारू नका. ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसानं नुसतं ते पाणी बघत बसलं तरी तिकीट वसूल होतं.

आईवडिलांना गंगा तलावला न्या, गाडीनं तासाभराच्या आत. डोंगरातलं तळं, काठावर महादेवाचं १०८ फुटी शिल्प. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून लोक कावडी घेऊन पायी येतात. आपल्या दिंडीची सवय असणाऱ्यांना ती गर्दी आवडेल.

बस की गाडी?

सुयाकहून माहेबूर, क्युरपीप आणि किनाऱ्यानं पश्चिमेकडं बस आहेत. स्वस्त, सुरक्षित, पण संध्याकाळी लवकर बंद होतात. चौघे असाल तर गाडी भाड्यानं घ्या. रहदारी आपल्यासारखी डावीकडून. किनाऱ्याचा बे द्यु कापपर्यंतचा रस्ता बेटावरचा सगळ्यात सुंदर रस्ता आहे, तो सकाळी करा. वळणावर हॉर्न वाजवायची पद्धत तिकडं नाही.

सुयाक सोडून आणखी काय जोडावं?

जवळच सेंट ऑबँचं १८१९ सालचं मळेवाल्याचं घर आहे. व्हॅनिला कशी वाळवतात ते तिथं बघता येतं. वर डोंगरात बोआ शेरीचा चहाचा मळा. दोन्ही देखणी आहेत. पण व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून चहा पिताना हे मालकाचं घर आहे, एवढं लक्षात ठेवा. मजुराचं घर बघायला उरलेलंच नाही, ते गवताचं होतं.

म्हणून एक दिवस पोर्ट लुईसाठी राखा. आप्रवासी घाट १८४९ मध्ये बांधला, २००६ पासून जागतिक वारसा. सोळा दगडी पायऱ्या, त्यांवरून मजूर बेटावर चढले. फार छोटी जागा आहे. पॅकेजवाले तिथं पंधरा मिनिटं देतात, तुम्ही दोन तास द्या. प्रत्येक मजुराला नंबर दिला जायचा आणि पुढं पुढं फोटोही काढले जायचे. त्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्यात. मळ्याच्या बाजूनं साखर समजून घ्यायची तर उत्तरेला बो प्लाँच्या बंद कारखान्यातलं साखरेचं संग्रहालय आहे. रोलर, कढया, सगळी यंत्रं जागेवर.

सात रंगांची माती वाटेत पडली तर बघा. मुद्दाम जाऊ नका.

तिकडचं उसाचं बेणं आणता येईल का हो?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि विचारणारा आवाज खाली करून विचारतो. नाही. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय बेणं, रोप, बी काहीच आणता येत नाही. एका कांडीबरोबर कोणता रोग येईल ते सांगता येत नाही आणि विमानतळावर सापडलं तर काढून घेतात. शंख-शिंपले, प्रवाळही उचलू नका.

आणायचंच तर बोआ शेरीचा व्हॅनिला चहा आणा, व्हॅनिलाच्या शेंगा आणा, आणि तिकडची काळपट, ओलसर मस्कोवाडो साखर आणा. आपल्या गुळाच्या चहाची सवय असलेली माणसं ती आवडीनं घेतात. चेक-इन बॅगेत दोन पिशव्यांत बांधा, ओल सुटते.